किशोरवयातील झोप

किशोरवयातील झोप : साधारणपणे १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींच्या झोपेचे स्वरूप आणि ती पुरी व्हावी म्हणून घराने व शाळेने बसवायची घडी. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये या वयासाठी चोवीस तासांत ८ ते १० तास झोप सांगितली. मूल उंचीने आईबापांच्या बरोबरीला आले, तरी त्याची झोपेची गरज अजून त्यांच्याइतकी उतरलेली नसते. दहावीच्या वर्षात ‘सहा तास झालं, पुष्कळ झालं’ असे म्हटले जाते, त्याला काही आधार नाही.

पाचवी-सहावीपर्यंत नऊ वाजताच पेंगू लागणारे मूल आठवी-नववीत रात्री अकरालाही टक्क जागे असते आणि सकाळी हलवून हलवून उठवावे लागते. याला आळस म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे घड्याळ असते. अंधार पडू लागला की त्याच्या इशाऱ्याने मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. वयात येताना हा स्राव उशिरा सुरू होतो. शिवाय दिवसभराच्या जागेपणामुळे साचत जाणारा झोपेचा दाबही या वयात सावकाश चढतो. त्यामुळे दहा वाजता दिवा मालवून ‘नीज आता’ म्हटले, तरी मूल अंधारात आढ्याकडे बघत पडून राहते.

या विषयातील पायाभूत काम मेरी कार्सकाडन या अमेरिकन संशोधिकेचे. १९७६ पासून त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांची उन्हाळी निद्राशिबिरे घेतली. वय वाढेल तशी झोप कमी लागेल, अशी अपेक्षा होती. पण रात्री दहा तास झोपायची मोकळीक दिल्यावर थोरली मुलेही धाकट्यांइतकीच, नऊ तासांच्या आसपास, झोपली; आणि एवढे झोपूनही दिवसा थोरल्यांनाच जास्त पेंग येत होती.

शरीराचे घड्याळ मागे सरकते, शाळेचे सरकत नाही. एकाच इमारतीत दोन सत्रे भरवणाऱ्या शहरी शाळांत सकाळचे सत्र सातच्या सुमारास सुरू होते. संध्याकाळचा क्लास साडेआठला सुटला, नऊला घरी, साडेनऊला जेवण, मग गृहपाठ; तेवढ्यात क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर उद्याच्या चाचणीची पीडीएफ येऊन पडते. पाठ टेकेपर्यंत पावणेबारा होतात आणि पावणेसहाला गजर वाजतो. हाती राहतात सहा तास. पहाटेच्या ज्या झोपेला मराठीत साखरझोप म्हणतात, तीच यात कापली जाते; आणि स्वप्ने पडणाऱ्या आरईएम झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या या शेवटच्या भागातच असतो. चिडचिड, विसरभोळेपणा, पहिल्या तासाला बाकावर टेकलेले डोके यांचे मूळ पुष्कळदा इथे सापडते.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत, अशी शिफारस केली. कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२२ पासून हायस्कुलांसाठी तसा कायदाच लागू झाला. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये हायस्कुलांची वेळ ७.५० वरून ८.४५ वर नेली, तेव्हा तिथल्या मुलांची झोप साधारण ३४ मिनिटांनी वाढल्याचे आढळले. उशिरा भरणाऱ्या शाळेमुळे मुले आणखी उशिरापर्यंत जागतील, ही भीती तिथे खरी ठरली नाही. महाराष्ट्रात तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये शाळांच्या वेळा बदलण्याचा विषय काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. निर्णय चांगलाच, पण ज्यांचे घड्याळ खरोखर मागे सरकलेले असते, ती आठवी ते बारावीची मुले त्यात आली नाहीत.

शाळेची वेळ घराच्या हातात नाही, घरातला उजेड आहे. सवय लावायची ती रात्रीपासून नव्हे, सकाळपासून. उठण्याची वेळ पक्की ठेवावी आणि उठल्यावर मुलाला गॅलरीत, अंगणात किंवा निदान खिडकीशी वीस मिनिटे उजेडात बसवावे. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, रात्रीचा मागे ढकलतो. रविवारी अकरापर्यंत झोपू दिले, तर सोमवारी मूल दुसऱ्या देशातून विमानाने आल्यासारखे असते. सुट्टीला तास-दीड तासाची सवलत पुरे. दुपारची डुलकी अर्ध्या तासाची आणि चारच्या आत असावी. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात उरू शकतो, म्हणून अभ्यासाला बसताना रात्री नऊला दिलेला चहा आईच्या मायेचा असला तरी झोपेच्या मुळावर येतो.

मोबाइलवरून वाद होतात ते बहुधा नियम एकट्या मुलालाच असतो म्हणून. एका खोलीच्या घरात, जिथे अभ्यास, टीव्ही आणि अंथरूण एकाच जमिनीवर असते, तिथे मुलाची झोप ही साऱ्या घराची गोष्ट आहे. दहानंतर मोठी ट्यूब बंद, छोटा पिवळा दिवा चालू आणि आईबाबांसकट सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात ओट्यावर, मिक्सरशेजारच्या प्लगला. फोनवर गजर लावायचा असतो, ही सबब साध्या गजराच्या घड्याळाने मिटते. झोपण्याची वेळ एकदम दोन तास अलीकडे आणता येत नाही; दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटे, असे सरकावे लागते.

मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, पुरेसे झोपूनही वर्गात डोळे मिटणे, आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप न लागणे आणि हे तीन महिने चालणे, किंवा झोपेबरोबरच भूक, मित्र, खेळ यांतून मन उडणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. मेलाटोनिनच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत.

ही घडी सर्वांत जास्त मोडते ती मे महिन्याच्या सुट्टीत, आणि ती पुन्हा बसवायला शाळेचा पहिला दिवस फार उशिराचा ठरतो. महाराष्ट्रात बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. त्याआधीचे दोन आठवडे उठण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणली, तर पहिल्या सोमवारची उठवाउठवी बरीच हलकी होते.