करिअर व तांत्रिक शिक्षण आणि शालान्त पूर्तता (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना सुतारकाम, वेल्डिंग, वाहनदुरुस्ती, शेती, रुग्णसेवा, संगणक अशा व्यवसायांचे पद्धतशीर शिक्षण देणाऱ्या शाखेस ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’, संक्षेपाने सीटीई, म्हणतात. आपल्याकडे दहावीनंतर आयटीआयला जाणारा विद्यार्थी सर्वसाधारण शाळा सोडून जातो. तेथे मात्र हे शिक्षण बहुधा नववी ते बारावीच्या वर्षांतच, इंग्रजी-गणिताच्या तासांबरोबर घेतले जाते आणि शेवटी मिळतो तो हायस्कूल डिप्लोमाच. हा डिप्लोमा मुख्यतः विषयवार क्रेडिट, म्हणजे प्रत्येक विषय उत्तीर्ण केल्यावर जमा होणारे एकक, जमवून मिळतो. क्रेडिट मागे पडू लागले की मुलाचे शाळेतून मन उडते, आणि म्हणूनच सीटीईमुळे गळती थांबते का, या प्रश्नाला तेथे मोठे महत्त्व आहे.

केंद्र सरकारचे अनुदान १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने सुरू झाले. व्यवसायशिक्षण सामान्य शिक्षणापासून वेगळे काढल्यास श्रमिकांची मुले श्रमिकच राहतील, असा इशारा अमेरिकन तत्त्वज्ञ व शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी त्याआधीच दिला होता, आणि तो बऱ्याच अंशी खरा ठरला : पुढील कित्येक दशके गरीब, कृष्णवर्णीय व स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना या वर्गांकडे ढकलले गेले. १९८४ मध्ये केंटकीचे काँग्रेस-सदस्य कार्ल पर्किन्स यांच्या नावाचा कायदा आला. २००६ च्या सुधारणेत ‘व्होकेशनल’ऐवजी आजचे नाव रूढ झाले. २०१८ च्या सुधारणेनुसार एकाच सीटीई कार्यक्रमातील किमान दोन अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांची चार वर्षांत शाळा पूर्ण करण्याची टक्केवारी राज्यांनी केंद्र सरकारला कळवणे बंधनकारक आहे.

ही टक्केवारी सहसा चांगली दिसते, पण तिच्यावरून घाईने निष्कर्ष काढणे चुकीचे आहे, कारण दुसरा अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत जो टिकला, तो मुळातच शाळेत रमलेला असू शकतो. म्हणून ज्या संशोधनांत तुलना काटेकोर आहे, तीच विचारात घ्यावीत. कनेक्टिकट राज्याच्या तांत्रिक हायस्कुलांत गुणांवर प्रवेश मिळतो. प्रवेशाच्या सीमारेषेच्या किंचित वरच्या व किंचित खालच्या मुलांची तुलना केली असता, तांत्रिक शाळेत गेलेल्या मुलग्यांच्या शाळा पूर्ण करण्याच्या प्रमाणात सुमारे १० टक्केबिंदूंची वाढ आढळली आणि पुढे त्यांची कमाईही लक्षणीय वाढली. मुलींच्या बाबतीत असा परिणाम दिसला नाही. १९६९ मध्ये फिलाडेल्फियात सुरू झालेल्या ‘करिअर अकॅडमी’ या प्रकाराची, म्हणजे मोठ्या हायस्कुलातच एखाद्या व्यवसायाभोवती बांधलेल्या छोट्या तुकडीची, तपासणी लॉटरीने प्रवेश देऊन झाली. तीत शाळा पूर्ण करण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, पण नंतरच्या आठ वर्षांत कमाई सरासरी ११ टक्क्यांनी अधिक राहिली. संपूर्ण शाळाच व्यवसायाभोवती उभी असणे आणि मोठ्या शाळेतील एक छोटी तुकडी असणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचा परिणाम सारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

सर्वांत आशादायक प्रयोग ते, ज्यांत व्यवसायाचा तास आणि डिप्लोमाला लागणारे क्रेडिट एकच होतात. कोलोरॅडोतील लव्हलँड हायस्कूलमध्ये घडलेल्या ‘जॉमेट्री इन कन्स्ट्रक्शन’ या अभ्यासक्रमात विद्यार्थी खरे घर बांधता बांधता भूमिती शिकतात. चौकटीचा कोपरा काटकोनात आहे का, हे एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून कर्ण बरोबर ५ फूट भरतो का यावरून तपासता येते. पायथागोरसचा सिद्धान्त येथे टेप धरून पडताळला जातो आणि चूक झाली तर लाकूड वाया जाते. गणितात मागे पडलेल्या मुलाला यापेक्षा प्रामाणिक उत्तरपत्रिका क्वचितच मिळेल.

न्यूयॉर्क राज्याने २०१५ पासून डिप्लोमासाठी घेतल्या जाणाऱ्या राज्यस्तरीय ‘रीजंट्स’ परीक्षांपैकी सामाजिक शास्त्रांच्या एका परीक्षेऐवजी मान्यताप्राप्त सीटीई परीक्षेचा पर्याय दिला आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाचे क्रेडिट गणित वा विज्ञानासाठी धरायचे की केवळ ऐच्छिक विषय म्हणून, याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. शिवाय अनेक जिल्ह्यांत कार्यशाळा शाळेत नसून सामाईक केंद्रात असते. विद्यार्थी अर्धा दिवस बसने तेथे जातात, आणि त्याच वेळी मूळ शाळेत आवश्यक विषयाचा तास असेल तर दोहोंतील एक सोडावा लागतो.