विमा कंपनीच्या दीर्घकालीन कर्जाचे मालमत्तेशी गुणोत्तर

विमा कंपनीने एक वर्षाहून अधिक मुदतीसाठी उभारलेले कर्ज तिच्या एकूण मालमत्तेच्या किती टक्के आहे हे दाखवणारे गुणोत्तर. कारखाना किंवा वीज कंपनीच्या बाबतीत हा आकडा बऱ्यापैकी बोलका असतो. विमा कंपनीत तो बहुधा एक आकडी निघतो आणि नेमका तिथेच दगा देतो. ताळेबंदात दिसणाऱ्या मालमत्तेचा मोठा भाग पॉलिसीधारकांची देणी भागवण्यासाठी आधीच बांधलेला असतो. कंपनी बुडाली तर बहुतेक देशांत पॉलिसीधारक आधी आणि रोखेधारक मागाहून, असा क्रम लागतो. त्यामुळे हे गुणोत्तर तपासणीच्या सुरुवातीला काढतात. निष्कर्ष काढताना मात्र भांडवल किती, व्याज कोठून येते आणि कर्ज समूहातल्या कोणत्या कंपनीच्या नावावर आहे, हे पाहावे लागते.

कर्जात काय धरायचे

विमा कंपनीची सर्वांत मोठी देणी म्हणजे पॉलिसींपोटी केलेल्या तरतुदी. जीवन विम्यात भावी लाभांसाठीचा राखीव निधी. सर्वसाधारण विम्यात मुदत उरलेल्या पॉलिसींचा अनर्जित हप्ता, कळवलेले पण न चुकवलेले दावे आणि घडून गेलेल्या पण कंपनीला अजून न कळलेल्या घटनांची तरतूद. ही देणी कितीही मोठी असली तरी कर्जात मोडत नाहीत, कारण त्यांची रक्कम आणि वेळ विम्याच्या घटनेवर अवलंबून असते. ती पुरेशी आहेत का, हे ॲक्च्युअरीच्या (विमा गणितज्ञाच्या) अहवालावरून वेगळे तपासतात.

कर्जात येतात ते कर्जरोखे, बँकेची मुदत कर्जे, परिवर्तनीय रोखे (पुढे समभागांत बदलता येणारे) आणि दुय्यम कर्जरोखे (कंपनी बुडाल्यास इतर देण्यांनंतर फेडले जाणारे). येत्या बारा महिन्यांत फेडायचा भाग अनेक ताळेबंदांत अल्पकालीन देण्यांत सरकवलेला असतो. तो परत मिळवून घ्यावा. नाहीतर मोठी परतफेड तोंडावर आली असतानाच गुणोत्तर सुधारल्यासारखे दिसते. भाडेपट्ट्यांचे दायित्व 2019 पासून आंतरराष्ट्रीय लेखामानकांनुसार ताळेबंदावर येते. विमा कंपनीत ते सहसा किरकोळ असते आणि वेगळे ठेवले तरी चालते.

खरी गुंतागुंत दुय्यम रोख्यांची आहे. ते कर्ज असतात, पण नियामक त्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत भांडवल मानतो. युरोपीय संघात 1 जानेवारी 2016 पासून लागू असलेल्या सॉल्व्हन्सी 2 या विमा भांडवलाच्या नियमांच्या चौकटीत भांडवलाचे दर्जानुसार तीन स्तर असतात; दुसऱ्या स्तराच्या रोख्यांची मूळ मुदत किमान 10 वर्षे आणि तिसऱ्या स्तराच्या रोख्यांची किमान 5 वर्षे लागते. हे दोन्ही स्तर मिळून आवश्यक भांडवलाच्या निम्म्यापर्यंतच मोजता येतात आणि तिसरा स्तर 15 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. भांडवल आवश्यक पातळीखाली गेले की मुद्दलाची परतफेड थांबवावी लागते. अमेरिकेत अधिशेष रोखे नावाचा प्रकार आहे. त्यांवरील व्याज आणि मुद्दल दोन्ही देण्यापूर्वी राज्याच्या विमा आयुक्ताची मंजुरी लागते. नियामकाकडे सादर होणाऱ्या हिशोबात ते अधिशेषात, म्हणजे भांडवलाच्या बाजूला दिसतात. भागधारकांसाठीच्या हिशोबात तेच कर्ज म्हणून दिसतात. कोणता संच हातात आहे हे न पाहता दोन कंपन्यांची तुलना केली तर एकीचे कर्ज गायब होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

पतमानांकन संस्था अशा रोख्यांचा काही भाग, अटींनुसार, भांडवलात धरतात. स्वतः आकडेमोड करताना गुणोत्तर दोनदा काढावे: एकदा सगळे रोखे कर्ज मानून, एकदा निम्मे भांडवल मानून. दोन उत्तरांत मोठा फरक पडला, तर रोख्यांच्या अटी मुळातून वाचण्याची वेळ आली आहे.

पॉलिसीच्या वेशातली उसनवारी हा याहून अवघड भाग. जीवन विमा कंपन्या मोठ्या गुंतवणूकदारांना हमी परताव्याचे निधी करार विकतात. ते विमा देण्यांत नोंदले जातात, पण त्यांत मृत्यू, आजार वगैरे कोणतीही जोखीम नसते. ती सरळसरळ उसनी घेतलेली रक्कम असते. जनरल अमेरिकन लाइफ या कंपनीने असे करार सात दिवसांच्या सूचनेवर परत मागता येतील अशा अटीवर विकले होते. ऑगस्ट 1999 मध्ये तिचे मानांकन घसरताच धारकांनी एकदम पैसे मागितले. मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त असूनही ती इतक्या झटपट विकता येईना आणि कंपनीला राज्याच्या विमा नियामकाच्या देखरेखीखाली जावे लागले. दीर्घकालीन कर्जाच्या ओळीत यातले काहीच दिसले नसते. निधी करारांची रक्कम आणि तेवढ्याच मुदतीचे रोखे समोरासमोर ठेवलेले असतील, तर ते वेगळे ‘कामकाजी कर्ज’ मानण्याची पद्धत आहे. जुळणी नसेल, तर ती रक्कम कर्जात धरणेच योग्य.

काही पुनर्विमा करारही (विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी दुसऱ्या कंपनीकडे घेतलेला विमा) याच जातीचे असतात: आज पुनर्विमा कंपनीकडून कमिशन म्हणून मोठी रक्कम मिळते आणि पुढच्या वर्षांच्या नफ्यातून ती फेडली जाते. करारात जोखीम खरोखर पलीकडे जाते का, हे ताळेबंदाच्या टिपांवरून तपासावे लागते. आपत्ती रोख्यांचे उलटे आहे. नावात रोखे असले तरी ते वेगळ्या संस्थेमार्फत निघतात, मुद्दल तारण म्हणून आधीच बाजूला ठेवलेले असते आणि आपत्ती आली की ते धारकाचे बुडते. विमा कंपनीसाठी ते पुनर्विम्यासारखे काम करतात, म्हणून कर्जात धरत नाहीत.

मालमत्तेचा आकडा

छेदातली एकूण मालमत्ता जशीच्या तशी घेतली की गुणोत्तर हमखास लहान होते. युनिट-लिंक्ड निधी सर्वांत आधी वजा करावा; तिथली वाढ-घट पॉलिसीधारकाची असते आणि कंपनीला मिळते ते फक्त शुल्क. पुनर्विमा कंपन्यांकडून येणे असलेला तरतुदींचा हिस्सा हा देण्यांच्या बाजूच्या आकड्याचाच आरसा असतो, तोही काढावा. गुडविल (दुसरी कंपनी घेताना तिच्या निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत), स्थगित कर (पुढच्या वर्षांत मिळणारी कराची सवलत) आणि पॉलिसी मिळवण्याचा पुढे ढकललेला खर्च यांतून संकटात रोख मिळत नाही.

इथे लेखामानकाचा बदल लक्षात ठेवावा लागतो. आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक 17 हे 1 जानेवारी 2023 पासून लागू झाले. त्यानुसार पॉलिसी मिळवण्याचा खर्च आणि येणे हप्ते वेगळी मालमत्ता म्हणून न राहता विमा करारांच्या दायित्वाच्या मोजमापातच समाविष्ट झाले. परिणामी नवे कर्ज न काढताही काही कंपन्यांचे गुणोत्तर वाढले. 2022 आणि 2023 चे आकडे एकाच आलेखावर जोडताना ही फट दाखवलीच पाहिजे. याच मानकाने न कमावलेला भावी नफा करार सेवा मार्जिन म्हणून दायित्वात ठेवला. अनेक विश्लेषक त्यातून कर वजा करून उरलेली रक्कम भांडवलात मिळवतात. जीवन विम्यात ही रक्कम मोठी असू शकते, म्हणून ती मिळवली की नाही हे गुणोत्तरासोबत लिहावे.

एक नमुना

एका काल्पनिक समूहाची एकूण मालमत्ता 52,000 कोटी आहे. त्यात युनिट-लिंक्ड निधी 14,000, पुनर्विम्याचा हिस्सा 4,500, पुढे ढकललेला खर्च 1,500 आणि गुडविल 1,000 कोटी. ताळेबंदावर दीर्घकालीन कर्ज 1,500 कोटी दिसते. वर्षभरात फेडायचे आणखी 200 कोटींचे रोखे दुसऱ्या ओळीत आहेत. भागधारकांचे भांडवल 3,800 कोटी.

वरवरचे गुणोत्तर 1,500 भागिले 52,000, म्हणजे 2.9 टक्के. चारही वजावटी केल्यावर मालमत्ता 31,000 उरते, कर्ज 1,700 होते आणि गुणोत्तर 5.5 टक्क्यांवर जाते. जवळजवळ दुप्पट झाले, तरी दिसायला निरुपद्रवीच. आता तेच कर्ज, कर्ज आणि भांडवल यांच्या बेरजेशी ताडून पाहू: 1,700 भागिले 5,500, म्हणजे 30.9 टक्के. भांडवलातून गुडविल काढले की 1,700 भागिले 4,500, म्हणजे 37.8 टक्के. या कर्जातले 600 कोटी दुय्यम रोख्यांचे आहेत असे धरून त्यातले निम्मे भांडवल मानले, तर 31.1 टक्के.

आता समजा, गुंतवलेल्या 27,000 कोटींपैकी 3 टक्के, म्हणजे 810 कोटी बुडाले आणि कराचा परिणाम सोडून दिला. मालमत्तेवरचे गुणोत्तर 5.5 वरून 5.6 होते. भांडवलावरचे मात्र 37.8 वरून 46.1 टक्क्यांवर उडी मारते. मालमत्तेवरचा आकडा तोट्याला जवळजवळ बधिर असतो. पतदर्जाची चर्चा म्हणूनच कर्ज भागिले कर्ज अधिक भांडवल या सूत्राने होते. ढोबळ अंदाज असा, की 20 टक्क्यांखाली आरामात, 30 च्या आसपास नेहमीचे आणि 40 च्या पुढे खुलासा मागण्याजोगे.

तुलनेतही हाच घोळ होतो. 1,500 कोटींचेच कर्ज आणि तेवढेच भांडवल असलेल्या सर्वसाधारण विमा कंपनीची मालमत्ता 11,000 कोटी असेल, तर तिचे गुणोत्तर 13.6 टक्के निघते. ती जास्त कर्जबाजारी आहे असे नव्हे. वर्षभराच्या पॉलिसी विकणाऱ्या कंपनीकडे तीस वर्षांच्या पॉलिसींएवढा निधी साठतच नाही. या गुणोत्तराने तुलना करायचीच, तर जीवन विम्याची जीवन विम्याशी, मोटार विम्याची मोटार विम्याशी करावी.

व्याज कोण भरतो

मोठ्या समूहांत रोखे बहुधा होल्डिंग कंपनी काढते आणि विमा व्यवसाय उपकंपन्या करतात. होल्डिंग कंपनीकडे स्वतःचे हप्ते येत नाहीत. तिला उपकंपन्यांचा लाभांश मिळतो, आणि त्यावर नियामकाचा हात असतो. अमेरिकेत अनेक राज्यांत मागील वर्षअखेरच्या अधिशेषाचा 10 टक्के हिस्सा आणि मागील वर्षाचा नफा या दोन रकमांवरून मर्यादा ठरते. कुठे त्यांतली मोठी धरतात, कुठे लहान. त्यापुढचा लाभांश पूर्वमंजुरीशिवाय देता येत नाही.

वरच्या नमुन्यातच व्याज व कर यांपूर्वीचा समूहाचा नफा 520 कोटी आणि एकूण व्याज 115 कोटी धरले, तर व्याज 4.5 पट झाकले जाते. पण 1,100 कोटींचे रोखे होल्डिंग कंपनीच्या नावावर आहेत. त्यांचे व्याज 70 कोटी, तिचा स्वतःचा खर्च 30 कोटी आणि मंजुरीविना मिळू शकणारा लाभांश 160 कोटी. म्हणजे 130 भागिले 70, अवघे 1.9 पट. एकत्रित ताळेबंदावर समाधान मानणाऱ्याला हा दुसरा आकडा कधीच दिसत नाही. त्यासाठी होल्डिंग कंपनीचे स्वतंत्र हिशोब उघडावे लागतात. तिच्याकडे वर्ष-दीड वर्षाचे व्याज आणि खर्च भागेल एवढी रोकड आहे का, हेही तिथेच कळते.

कॉन्सेकोचे उदाहरण याच जागेचे आहे. या अमेरिकी समूहाने 1998 मध्ये ग्रीन ट्री फायनान्शियल ही कर्जपुरवठा कंपनी विकत घेतली आणि तिच्या तोट्यांसोबत कर्जाचे ओझे वाढत गेले. डिसेंबर 2002 मध्ये होल्डिंग कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. विमा उपकंपन्या त्या अर्जात नव्हत्या. पॉलिसी चालू राहिल्या आणि नुकसान वरच्या पातळीवरच्या धनको व भागधारकांना सोसावे लागले.

गुणोत्तराबाहेर राहणारे धोके

तारण ठेवण्याच्या अटी, रोखे उसने देण्याचे व्यवहार, बँक हमीपत्रे आणि उपकंपनीसाठी दिलेली हमी यांतले काहीही दीर्घकालीन कर्जात नसते. 2008 मध्ये एआयजी या अमेरिकी विमा समूहाला नेमके यांनीच गाठले. एका उपकंपनीने विकलेल्या क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपपोटी (दुसऱ्याचे कर्ज बुडाल्यास भरपाई देण्याच्या करारांपोटी) वाढीव तारण द्यावे लागत होते. त्याच वेळी जीवन विमा उपकंपन्यांनी रोखे उसने देऊन मिळालेली रोकड गृहकर्जांवरील रोख्यांत गुंतवली होती आणि ती परत मागितली जात होती. 16 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकी फेडरल रिझर्व्हने 85 अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाची घोषणा केली.

व्याजदर वाढले की रोख्यांच्या किमती पडतात आणि भांडवल आटते. 2022 मध्ये अमेरिकी जीवन विमा कंपन्यांत हे ठळक दिसले. रोखे मुदतीपर्यंत ठेवण्याची ऐपत असेल, तर ही घट बरीचशी कागदावरचीच. म्हणून न वसूल झालेला नफा-तोटा धरून एक आणि वगळून एक, असे दोन आकडे काढतात. पॉलिसीधारक मोठ्या संख्येने पॉलिसी सोडू लागले, तर मात्र तोच तोटा प्रत्यक्षात उतरतो.

शेवटी मुदतींचा तक्ता मागावा. दुय्यम रोख्यांची कायदेशीर मुदत तीस वर्षांची असली, तरी बाजार पहिल्या परतफेडीच्या तारखेलाच, बहुधा दहाव्या वर्षी, पैसे परत येतील असे गृहीत धरतो. अशा दोन-तीन तारखा एकाच वर्षात येत असतील, तर ‘दीर्घकालीन’ कर्जातले किती खरोखर दीर्घ आहे, हे त्या तक्त्यावरूनच ठरवावे लागते.