उपविधिभंग : खटला भरण्याचा अधिकार

नगरपालिका किंवा अन्य स्थानिक संस्थेने केलेला उपविधी, म्हणजे तिच्या हद्दीपुरता नियम, कोणी मोडला, तर त्याच्यावर खटला भरायचा की नाही हे ठरवून तसा आदेश देण्याची कायदेशीर सत्ता. उल्लंघन शोधणे, खटल्याचा निर्णय घेणे आणि न्यायालयात बाजू मांडणे ही तीन निराळी कामे आहेत. निरीक्षकाला पहिल्याचा अधिकार असला म्हणून दुसऱ्याचा आपोआप मिळत नाही. गल्लत होते ती इथेच, आणि तिची किंमत मोठी असते.

इंग्लंडमध्ये १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याचे कलम २२२ हा अधिकार परिषदेला, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेला, देते. रहिवाशांच्या हितासाठी इष्ट वाटल्यास तिला खटला भरता येतो, अशी ही तरतूद आहे. कलम १०१ नुसार परिषद तो एखाद्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे सोपवू शकते. त्यामुळे बचाव पक्षाचा जाणता वकील नस्ती हातात पडताच छायाचित्रे आणि नोटिशीची तारीख बाजूला ठेवून आधी खटल्याच्या मंजुरीखालची सही पाहतो : सही करणाऱ्याला अधिकार सोपवल्याचा ठराव आहे का? किरकोळ गुन्ह्यांची फिर्याद साधारणपणे ६ महिन्यांत दाखल व्हावी लागते. सहीतला दोष मुदत टळल्यावर उघड झाला, तर पुरावा भक्कम असूनही खटला वाचवणे कठीण.

फ्रान्समध्ये महापौर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी आदेश काढतो, पण तो मोडणाऱ्यावर न्यायालयात खटला चालवण्याचे काम सरकारी अभियोक्ता विभागाचे. नियम करणारा आणि शिक्षा मागणारा हात वेगळा ठेवणारी ही रचना नागरिकाला अधिक सुरक्षित ठेवते. एरवी राजकीय विरोधकाचे दुकान किंवा कुंपण तेवढे नियमात अडकण्याचा धोका राहतो. कॅलिफोर्नियात शहराच्या अध्यादेशाचा भंग झाल्यास शहराचे अधिकारी राज्याच्या जनतेच्या नावाने खटला चालवू शकतात.

आदेश देण्याच्या अधिकारात न देण्याचा अधिकारही येतो. जर्मनीच्या नियमभंगविषयक कायद्यातील कलम ४७ कारवाई करणे संबंधित प्राधिकरणाच्या कर्तव्यनिष्ठ विवेकावर सोपवते. दंडाच्या आदेशावर नागरिकाने हरकत घेतली, प्रशासन आदेशावर ठाम राहिले आणि कागद अभियोक्त्याकडे पोहोचले, की प्रकरणाची सूत्रे त्याच्या हाती जातात. इंग्लंडमध्येही सरकारी अभियोग संचालक परिषदेने सुरू केलेला खटला आपल्याकडे घेऊ शकतो आणि थांबवूही शकतो.