एसआयपी ट्रंकचा अर्ज आणि व्हॉइस गेटवेची मांडणी: पात्रता, कागदपत्रं आणि तो तांत्रिक तक्ता

ऑफिसातले फोन आहेत तेच ठेवायचे, चालू ईपीबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) मोडीत काढायचा नाही, पण बाहेरच्या लाइनी आयपीवरून, म्हणजे डेटा नेटवर्कवरून, घ्यायच्या, असं ठरलं की दोन कामं निघतात. एक म्हणजे सेवा पुरवठादाराकडे एसआयपी ट्रंकसाठी, म्हणजे त्या आयपीवरच्या लाइनींसाठी, अर्ज आणि दुसरं म्हणजे ईपीबीएक्स आणि ट्रंक यांच्या मधे बसून दोघांना जोडणाऱ्या व्हॉइस गेटवेचं कॉन्फिगरेशन. अर्ज सहसा प्रशासनातली मंडळी भरतात, गेटवे नेटवर्कवाला लावतो आणि दोघांची पहिली गाठ पडते ती चाचणीच्या दिवशी. तिथंच घोळ होतो. अर्जासोबत जो तांत्रिक तक्ता भरून द्यावा लागतो, तो म्हणजे गेटवेचं अर्धं कॉन्फिगरेशनच. तो नेटवर्कवाल्यानेच भरावा.

अर्ज कोण करू शकतं

ट्रंक ही व्यावसायिक सेवा असल्यामुळे अर्ज साधारणपणे नोंदणीकृत कंपनी, भागीदारी, संस्था किंवा कार्यालयाच्या नावाने घेतला जातो. नियम देशागणिक वेगळे असतात, त्यामुळे आपल्या पुरवठादाराची यादी आधी मागून घ्या.

कागदावरच्या पात्रतेइतकीच तांत्रिक पात्रताही पाहिली जाते, आणि इथे बँडविड्थचा हिशेब चुकतो. कोडेक म्हणजे आवाजाचा डेटा करण्याची पद्धत. जी.७११ कोडेकचा आवाज ६४ केबीपीएसचा असला तरी प्रत्येक पॅकेटवरचे हेडर धरून इथरनेटवर एक कॉल एका दिशेला सुमारे ८७ केबीपीएस खातो. जी.७२९ या दुसऱ्या कोडेकला तेच सुमारे ३१ पडतात. म्हणजे जी.७११वर ३० चॅनल मागितले, तर जाताना आणि येताना प्रत्येकी सव्वासव्वीसशे केबीपीएस फक्त बोलण्यासाठी मोकळे हवेत. चॅनल म्हणजे एकाच वेळी चालणारे कॉल. एक्स्टेंशन शंभर आहेत म्हणून चॅनल शंभर मागायचे नसतात. जुन्या लाइनींपैकी गर्दीच्या तासाला किती व्यस्त असतात ते पाहून आकडा ठरवा.

कागदपत्रं

संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, जिथे सेवा हवी त्या जागेच्या पत्त्याचा पुरावा, सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि त्याला सहीचा अधिकार देणारं पत्र किंवा ठराव. एवढं जवळपास सगळीकडे लागतं. पत्ता खरोखर उपकरण असेल तिथलाच द्या, कारण आपत्कालीन कॉल गेला तर मदत त्या पत्त्यावर पाठवली जाऊ शकते.

जुने नंबर सोबत न्यायचे असतील तर पोर्टिंगचं अधिकारपत्र आणि जुन्या पुरवठादाराचं ताजं बिल लागतं. या दोन्हींवरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. मी भरलेल्या एका अर्जात बिलावर संस्थेचं आधीचं नाव होतं आणि प्रमाणपत्रावर बदललेलं. पोर्टिंग परत आलं आणि नावबदलाचा कागद जोडून सगळं पुन्हा करावं लागलं. आणि पोर्टिंग पूर्ण झाल्याचं कळेपर्यंत जुनी लाइन बंद करायला सांगू नका. नंबर बंद झाला की तो नेता येईलच असं नाही.

तांत्रिक तक्ता भरताना

पहिला रकाना ओळख पटवण्याचा. स्थिर पब्लिक आयपी असेल तर आयपीवरून ओळख, नसेल तर युजरनेम-पासवर्डने रजिस्ट्रेशन. दुसरा रकाना ट्रान्सपोर्टचा. एसआयपी, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याचे मेसेज, नेहमीच्या पोर्ट ५०६०वर चालतो, टीएलएस (मेसेज कूटबद्ध करणं) घेतलं तर ५०६१वर. आवाज मात्र आरटीपी या आवाज वाहून नेणाऱ्या प्रोटोकॉलच्या वेगळ्या पोर्टवरून जातो, म्हणून पुरवठादाराकडून आरटीपीची पोर्ट-मर्यादा आणि त्यांच्या मीडिया सर्व्हरचे पत्ते लेखी घ्या. फायरवॉलमध्ये तेवढेच उघडायचे.

मग कोडेक. दोन्हीकडे जुळणारा एकही नसेल तर कॉल लागतच नाही, ट्रेसमध्ये (एसआयपी मेसेजच्या नोंदीत) ४८८ हा नकाराचा कोड दिसतो. जी.७११चे ए-लॉ आणि म्यू-लॉ असे दोन प्रकार आहेत, तेही नेमके लिहा. बटणांच्या टोनसाठी बहुतेक वेळा आरएफसी २८३३ असं छापलेलं असतं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). २००६ साली त्याची जागा ४७३३ने घेतली, पण तोंडी जुनाच आकडा आहे. फॅक्स असेल तर टी.३८ (आयपीवरून फॅक्स पाठवायची पद्धत) मिळतं का ते विचारा.

शेवटचा रकाना नंबरच्या स्वरूपाचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पुरवठादार ई.१६४ पद्धतीने, म्हणजे देशाच्या कोडसह, कमाल १५ अंकी नंबर पाठवणार की स्थानिक पद्धतीने? पुढे अधिकचं चिन्ह हवं की नको? हे कळल्याशिवाय डायल प्लॅन, म्हणजे दाबलेला नंबर कसा बदलून कुठे पाठवायचा याचे नियम, लिहिताच येत नाही.

गेटवे जोडताना

इथे नवखा माणूस हटकून फसतो. गेटवेवर साध्या टेलिफोन लाइनीचे दोन प्रकारचे पोर्ट असतात: एफएक्सएस पोर्ट लाइन देतो, एफएक्सओ पोर्ट लाइन घेतो. ईपीबीएक्सचे बाहेरच्या लाइनीचे पोर्ट लाइन घेणारे असतात, म्हणून त्यांना गेटवेचे एफएक्सएस लागतात. घेणाऱ्याला घेणारा जोडला तर डायल टोनच येणार नाही. ईपीबीएक्स ई१ पीआरआयवर (एकाच जोडणीत अनेक कॉल नेणाऱ्या डिजिटल लाइनीवर) असेल तर एका ई१वर ३० कॉल. ईपीबीएक्स टेलिफोन कंपनीच्या लाइनीवर यूजर बाजूला चालत आलेला असतो, म्हणून आता गेटवेला नेटवर्क बाजू करायचं आणि क्लॉकही (दोन्ही बाजू एका तालात ठेवणारा सिग्नल) गेटवेनेच द्यायचं.

डायल प्लॅनचं एक उदाहरण. माणूस बाहेर बोलायला आधी ९ दाबतो. तो ९ ईपीबीएक्स स्वतः काढतो की पुढे पाठवतो हे आधी बघायचं. पुढे येत असेल तर गेटवेने तो गाळायचा आणि उरलेल्या नंबराला पुरवठादाराला हवं ते रूप द्यायचं. आपत्कालीन नंबरांसाठी मात्र वेगळा नियम सर्वांत वर ठेवा, त्यांना देशाचा कोड चिकटता कामा नये. येणाऱ्या कॉलचे शेवटचे तीन-चार अंक ठेवून ते एक्स्टेंशनशी जुळवले की झालं. जाणाऱ्या कॉलवर दिसणारा नंबर मिळालेल्या रेंजमधलाच असावा, नाहीतर ४०३ हा मनाईचा कोड येऊन कॉल परत फिरू शकतो.

राउटरमधलं एसआयपी एएलजी बंद करा. मदतीला म्हणून दिलेलं ते फीचर मेसेजमधले पत्ते बदलून जास्त घोटाळा करतं. गेटवेने फक्त पुरवठादाराच्या आयपीवरूनच कॉल घ्यावेत आणि लागत नसतील तर आंतरराष्ट्रीय कॉल बंदच ठेवावेत. उघडा ५०६० शोधणारे स्कॅनर रात्रंदिवस फिरत असतात आणि चोरीच्या कॉलचं बिल आपल्याच नावावर येतं.

चाचणी आणि स्वीकृतीपत्र

कॉल लागतो पण एकाच बाजूला ऐकू येतं? ट्रेसमध्ये एसडीपी (मेसेजमधला आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा भाग) उघडा. पत्त्याच्या ओळीत १९२.१६८ने सुरू होणारा खासगी आयपी दिसला तर समोरचा आवाज कुठे पाठवणार? गेटवेला त्याचा पब्लिक पत्ता सांगा.

दुसरी तक्रार आणखी मजेशीर: कॉल छान चालतो आणि बत्तिसाव्या सेकंदाला तुटतो, प्रत्येक वेळी. हा योगायोग नाही. २००२च्या आरएफसी ३२६१प्रमाणे कॉल उचलल्याचा २०० ओके पाठवणारी बाजू त्याच्या पोचेची, म्हणजे एसीकेची, अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट वाट पाहते. पोच आली नाही की कॉल सोडते. म्हणजे एसीके वाटेत कुठेतरी हरवतोय. बहुधा कॉन्टॅक्ट हेडरमध्ये चुकीचा पत्ता गेलेला असतो.

याशिवाय येणारा-जाणारा कॉल, होल्ड, ट्रान्सफर, बँकेसारख्या मेनूत बटण दाबून पाहणं, अर्ध्या तासाहून लांब एक कॉल आणि मागितलेले सगळे चॅनल एकदम भरून पाहणं, एवढं करा. मग पुरवठादाराचा माणूस स्वीकृतीपत्र पुढे करेल. बिल अनेकदा त्यावरच्या तारखेपासून सुरू होतं, तेव्हा पोर्ट केलेल्या प्रत्येक नंबरवर मोबाइलवरून एकदा कॉल लावून बघा आणि मगच सही करा.