तापीकाठची सायकलवाट (खानदेश)

जळगाव जिल्ह्यातील चांगदेव येथील पूर्णा-तापी संगमापासून नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा येथील गोमाई-तापी संगमापर्यंत, नदीकाठच्या गावांतून जाणारा सायकलीचा मार्ग. हा एकसलग बांधलेला रस्ता नव्हे. गावरस्ते, पांदणी आणि पूल एकमेकांना जोडत गेले की तो तयार होतो, म्हणून प्रत्येकाची वाट थोडी वेगळी. अंतर वळशांप्रमाणे साधारण २०० ते २५० किमी भरते. तीन-चार दिवस हाताशी असावेत.

नाव तापीकाठची असले, तरी या वाटेवर तापी थोडीच दिसते. नदीची एकूण लांबी ७२४ किमी, त्यांतील सुमारे २२८ किमी महाराष्ट्रात. या टप्प्यात तिचे पात्र खोल आहे आणि दोन्ही काठ उंच, गाळाच्या मातीचे. पावसाचे पाणी ही माती चिरत नदीत उतरते आणि काठालगत घळईंचे जाळे तयार होते. अशा जमिनीवर रस्ता टिकत नाही. तो नदीपासून आत सरकून जातो आणि प्रत्येक गावाला फाटा देतो. फाट्याने गावात शिरायचे, घाटावर उतरून पाणी पाहायचे आणि आल्या वाटेने परत, असा इथला क्रम. ज्याला सरळ पुढे जायची घाई आहे, त्याने महामार्ग धरलेला बरा.

वाट ठरवतात ते पूल. भुसावळ-यावल रस्त्यावरचा पूल, जळगाव-चोपडा रस्त्यावर विदगावचा, अमळनेर-चोपडा रस्त्यावर सावखेड्याचा, शिरपूरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर सावळद्याचा, मग गिधाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा. कोणत्या पुलावरून काठ बदलायचा हे आदल्या रात्रीच ठरवावे, कारण पूल चुकला की पुढचा गाठेपर्यंत निम्मा दिवस जातो.

आरंभीचे चांगदेव गाव तेथील जुन्या दगडी मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. जवळच मेहूण; तेथे संत मुक्ताबाई १२९७ मध्ये तापीतीरी विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, अशी वारकरी परंपरा आहे. एदलाबादचे मुक्ताईनगर झाले ते त्यांच्याच नावावरून. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत इथे यात्रा भरते. त्या दिवसांत दिंड्यांच्या मागे सायकल हातात धरूनच चालावे लागते, आणि त्याची तक्रार करण्याचे कारण नाही. खाली हतनूर धरण आहे, ४१ दरवाज्यांचे. त्याचे पाणी मागे संगमापर्यंत पसरते आणि हिवाळ्यात त्यावर चक्रवाक व थापट्या बदके उतरतात.

भुसावळनंतर उत्तर काठ धरावा. यावल-चोपड्याचा हा पट्टा केळीचा. जूनच्या लागवडीचा मृगबाग, पावसाळ्यानंतरचा कांदेबाग आणि कापलेल्या झाडाच्या फुटव्यावर ठेवलेला पिलबाग, अशी बागांची नावे बांधावरच्या गप्पांत कानी पडतात. उघड्या रानातून बागांमधल्या रस्त्याला लागले की हवा एकदम गार होते. कटाई चालू असेल तर मात्र अरुंद रस्त्यावर ट्रक आडवा उभा असतो आणि घड भरून होईपर्यंत थांबावे लागते. थांबणाऱ्याला दोन केळी हमखास मिळतात. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. थंडीत शेतात काट्याकुट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरीत आणि सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, हा बेत कुठे चाललेला दिसला तर पुढचे अंतर विसरावे.

आपण किती पुढे आलो, हे मैलाच्या दगडाआधी बोलीवरून कळते. यावलकडे ‘काय भो’ म्हणून हटकणारी लेवा बोली, अमळनेर-शिंदखेड्याकडे ‘कथा चालना भाऊ?’ (कुठे चाललास?) विचारणारी अहिराणी, तर शहाद्याकडे गुजरी आणि भिली कानावर येतात.

शिंदखेडा तालुक्यात मुडावदला पांझरा तापीला मिळते. इथल्या कपिलेश्वराच्या घाटावर दुपार काढावी. पुढे पपई आणि उसाची शेते लागतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीला भरणारी यात्रा घोडेबाजारासाठी ओळखली जाते. बाजाराच्या दिवसांत सायकलस्वाराला मुक्कामाची जागा मिळणे कठीण. प्रकाशाला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. केदारेश्वराचे देऊळ आहेच, पण १९५५ मधील उत्खननात येथे ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष निघाले. म्हणजे हा काठ देवळांच्या कितीतरी आधीपासून नांदता आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा या वाटेचा विचारही करू नये. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कोरड्या दिवसांत सराटे आणि कुंपणाचे बाभूळकाटे आहेतच; जादा ट्यूब दोन घ्याव्यात. खरी धास्ती मात्र वाळूच्या डंपरांची. काठच्या एकपदरी रस्त्यांवर त्यांचा आवाज आला की खाली उतरून उभे राहावे, मानापमान मनात आणू नये.

परतीसाठी नंदुरबार स्थानक सोयीचे. गावाबाहेर हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात, त्यामुळे शिंका देतच शहरात प्रवेश होतो. सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून भुसावळकडे जाणारी गाडी धरावी. हा लोहमार्ग पांझरा, बोरी, गिरणा ओलांडतो, पण नंदुरबार ते भुसावळ तापी एकदाही ओलांडत नाही.