अजिंक्यतारा विझलेला ज्वालामुखी नाही

साताऱ्यात भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवताना हे उत्तर हमखास येतं: ‘अजिंक्यतारा म्हणजे विझलेला ज्वालामुखी.’ घरून ऐकून आलेलं असतं. खडक ज्वालामुखीय, बेसाल्टच, म्हणजे थिजलेला लाव्हा; डोंगर मात्र ज्वालामुखी नव्हे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा बहुतांशी जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला, थरावर थर पसरत गेले. मधल्या दऱ्या नंतर नद्यांनी कोरल्या. कोरायचं राहिलं ते हे डोंगर. म्हणूनच माथे सपाट आणि कड्यांवर आडवे पट्टे. यवतेश्वर घाटातून बघा, पुस्तक लागणार नाही. कासच्या सड्यावरचा, म्हणजे सपाट खडकाळ पठारावरचा, जांभा दगडही त्याच बेसाल्टची झीज होऊन बनलेला. आणि कासचं तळं ‘ज्वालामुखीचं तोंड’? ते तर साताऱ्याच्या पाण्यासाठी बांध घालून केलंय!