ॲम्प्लिफायर व स्पीकर यांची शक्ती-जुळवणी (घरगुती)

घरगुती ध्वनिसंचात ॲम्प्लिफायर किती शक्ती देऊ शकतो आणि स्पीकर किती पेलू शकतो, यांची सांगड घालण्याची पद्धत. दुकानात ती वॅटचे दोन आकडे सारखे करण्यावर भागते. खरे तर स्पीकरची संवेदनशीलता (एका वॅटवर तो किती मोठा वाजतो), त्याचा संरोध (प्रवाहाला होणारा विरोध; बोलण्यात ‘ओहम’), ऐकणाऱ्याचे अंतर आणि संगीताचा प्रकार यांचा विचार वॅटच्या आकड्याआधी करावा लागतो. मराठवाड्यात विजेचा दाब (व्होल्टेज) आणि उन्हाळा हेही हिशेबात धरावे लागतात.

जुळवणीची कल्पना कोठून आली, हे दोन प्रकारे सांगितले जाते. पहिल्या मतानुसार तिचे मूळ महत्तम शक्ती-संक्रमणाच्या नियमात आहे. हा नियम भौतिकशास्त्रज्ञ मोरित्झ याकोबी यांच्या नावावर असून तो साधारणपणे १८४० च्या सुमाराचा धरतात. उद्गम आणि भार यांचा रोध सारखा असला की भाराला सर्वाधिक शक्ती मिळते. हे तत्त्व टेलिफोनच्या तंत्रातून ध्वनिसंचांकडे आले, असे हे मत मानते. दुसऱ्या मतानुसार व्हॉल्व्ह (निर्वात नळी) ॲम्प्लिफायरच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४, ८ व १६ ओहमची निरनिराळी टोके असत आणि त्यांतले योग्य टोक निवडण्याच्या सवयीतून जुळवणी रूढ झाली. हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्या टोकांचा हेतू दोन्ही रोध समान करणे हा नव्हताच; व्हॉल्व्हला कमीत कमी विकृतीत काम करता येईल असा भार देणे, हा होता. अभियंते हॅरोल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये मांडलेला निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा अंश उलटा करून इनपुटला परत देणे) आणि नंतरचे ट्रान्झिस्टर यांमुळे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा संरोध ओहमच्या लहानशा अंशावर आला. आता व्होल्टेज ॲम्प्लिफायर ठरवतो आणि प्रवाह किती ओढायचा ते स्पीकर ठरवतो. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभियंते विल्यमसन यांचा सुमारे १५ वॅटचा ॲम्प्लिफायर त्या काळी घराला पुरेसा मानला जाई. १९५४ च्या सुमारास एडगर व्हिल्चर यांच्या बंद पेटीच्या लहान स्पीकरने खोल खर्ज दिला, पण संवेदनशीलता गमावून. वॅटची भूक वाढली ती मुख्यतः तेव्हापासून.

स्पीकरवर छापलेले वॅट ही त्याची गरज नसून सहनशक्तीची, मुख्यतः व्हॉइस कॉइलच्या (पडदा हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीच्या) तापमानाची, मर्यादा असते. शंभर वॅटचा स्पीकर एका वॅटवरही नीट वाजतो. ॲम्प्लिफायरवरील ‘आरएमएस वॅट’ म्हणजे काटेकोरपणे पाहता व्होल्टेजच्या आरएमएस (वर्गमध्यमूळ) मूल्यावरून काढलेली सरासरी शक्ती. ‘पीएमपीओ’ला (क्षणभरच्या कमाल शक्तीच्या दाव्याला) मात्र कोणतेही सर्वमान्य मानक नाही. अमेरिकेत १९७४ पासून जाहिरातीतली शक्ती कशी मोजावी याचा नियम आहे. आपल्याकडच्या खोक्यांवर पीएमपीओचे हजारोंचे आकडे दीर्घकाळ मिरवत राहिले.

अशा आकड्यांची पडताळणी ट्रान्सफॉर्मरवरून करता येते. जालना, नांदेड किंवा लातूरच्या बाजारात आयसीचे तयार बोर्ड घेऊन ॲम्प्लिफायर जुळवून देणारे कारागीर असतात, त्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो. १२-०-१२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरपासून डायोडची घट वजा जाता सुमारे अधिक-उणे १६ व्होल्ट मिळतात. आउटपुट ट्रान्झिस्टरसाठी ३ व्होल्ट सोडले, तर संकेताचा माथा (तरंगाचे सर्वोच्च टोक) १३ व्होल्टपर्यंत जातो. ८ ओहमला त्यातून १० ते ११ वॅट, ४ ओहमला कागदावर २१ वॅट. बाहेर ‘२००० वॅट’ लिहिले असले तरी आतून यापेक्षा जास्त काही निघत नाही.

संवेदनशीलता म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो ते माप. अनेक कंपन्या ते २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमला हे व्होल्टेज एक वॅट होते, पण ४ ओहमला दोन वॅट, त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने सरस दिसतो. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलच वाढतो. ८७ डेसिबलच्या दोन स्पीकरांसमोर बंद खोलीत ३ मीटरवर बसले, तर अंतरामुळे अंदाजे ६ डेसिबल जातात आणि जोडीमुळे ३ परत मिळतात. संगीताचे माथे १०० डेसिबलपर्यंत नेण्यास प्रत्येक स्पीकरला सुमारे ४० वॅट लागतात. स्पीकर ९२ डेसिबलचे असतील तर १२ ते १३ वॅट पुरतात. वाड्याच्या उघड्या चौकात परावर्तनाचा आधार नसल्याने पहिल्या जोडीला तेवढ्याच अंतरावर ९० वॅटच्या आसपास मोजावे लागतात.

संगीताचा प्रकारही येथे मोजावा लागतो. गोंधळातील संबळ किंवा हलगी नीट ध्वनिमुद्रित केलेली असेल, तर तिचे आघात सरासरी पातळीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. तेथे ॲम्प्लिफायरला मोकळी जागा हवी. सरासरी शक्ती मात्र वॅट-दोन वॅटचीच असते. डीजेसाठी दाबून एकसारख्या केलेल्या गाण्यात हे अंतर ६ ते ८ डेसिबलवर येते. माथे तेवढेच, पण कॉइलला जाणारी उष्णता कितीतरी जास्त.

लहान ॲम्प्लिफायरने ट्विटर (उंच स्वरांचा लहान स्पीकर) जळतो, या समजुतीवर बराच वाद आहे. क्षमता संपली की संकेताचे माथे कापले जातात (क्लिपिंग). रूढ स्पष्टीकरण असे, की कापलेल्या माथ्यांतून निर्माण होणारे वरचे, मूळ कंप्रतेच्या (वारंवारतेच्या) पटीतले स्वरांश ट्विटरला जाळतात. साइन तरंग पुरता चौकोनी झाला तर त्याची शक्ती दुप्पट होते हे खरे, परंतु तिचा ८१ टक्के भाग मूळ कंप्रतेतच राहतो. म्हणजे १० वॅटचा ॲम्प्लिफायर चौकोनी तरंगाचे २० वॅट देईल आणि सर्व वरचे स्वरांश मिळून ४ वॅटही होणार नाहीत. दुसरे स्पष्टीकरण असे, की आवाजाचे बटण पुढे नेले की खर्जाचे माथे कापले जाऊन थांबतात, पण मुळात दबकी असलेली उंच कंप्रता वाढतच राहते, आणि ट्विटरला नेहमीच्या कित्येक पट सरासरी शक्ती मिळते. आकडेमोडीशी हे दुसरे स्पष्टीकरण अधिक जुळते. स्पीकरच्या अखंड क्षमतेच्या दीड ते दुप्पट शक्तीचा ॲम्प्लिफायर घ्यावा, हा प्रचलित सल्ला दोन्ही बाजूंना मान्य आहे. तो ऐकणाऱ्याच्या हाताला संयम आहे असे गृहीत धरतो. वूफर (खर्जाचा स्पीकर) जळण्याचे कारण पुष्कळदा वेगळेच असते: ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन आउटपुटला आलेला डीसी (एकाच दिशेचा प्रवाह). रिलेचे (आपोआप जोडणी तोडणाऱ्या स्विचचे) संरक्षण असेल तर स्पीकर वाचतो.

रब्बीत मोटारी एकदम चालू झाल्या की गावात २३० व्होल्टच्या जागी १८० व्होल्ट मिळणे अपरिचित नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरची शक्ती दाबाच्या वर्गाने घटते आणि ट्रान्झिस्टरची ठरावीक घट त्यात मिळवली, तर वरच्या उदाहरणातले १० वॅट निम्म्यावर येतात. रात्री न कापणारे गाणे संध्याकाळी कापते ते यामुळे. स्विचिंग सप्लायवरील (दाब बदलला तरी स्थिर व्होल्टेज देणाऱ्या पुरवठ्यावरील) क्लास-डी संचांना हा त्रास सहसा होत नाही. उन्हाळ्यात २५ अंश धरून निवडलेला हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) ४२ अंशांच्या दुपारी १७ अंश अधिक तापतो. त्यातून संच शोकेसमध्ये कोंबून वर कापडी झाकण घालण्याची हौस. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढत असल्याने तापलेला स्पीकर प्रवाह कमी घेतो आणि आवाज काही डेसिबल खाली बसतो. अशा वेळी बटण आणखी पुढे नेले जाते.

घराच्या बांधणीनुसार गरज बदलते. माळवदाच्या खोलीत कड्यांचे लाकडी छत आवाज विखुरते. सिमेंटच्या गिलाव्याची व फरशीची स्लॅबची खोली, जशी १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात सर्रास झाली, आवाज जास्त वेळ घुमवते. तेथे कमी वॅटही मोठे वाटतात. पत्र्याच्या छताखाली खर्ज वाढवला की आधी पत्राच वाजतो.

एकाच ॲम्प्लिफायरला जादा पेट्या जोडताना ८ ओहमच्या दोन समांतर पेट्या ४ ओहम होतात, चार पेट्या २ ओहम. बहुतेक घरगुती संच एवढा प्रवाह पुरवू शकत नाहीत. शिवाय ८ ओहमच्या पेटीचा संरोध काही कंप्रतांना ६.४ ओहमपर्यंत उतरणे मानकात बसते. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली तर जाऊन-येऊन सुमारे ०.३५ ओहमची भर पडते. मंडपवाल्यांकडील भोंगे १०० व्होल्ट लाइनचे (लांब तारांसाठी वाढवलेल्या व्होल्टेजचे) असतात व त्यांच्यात स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असतो. घरची पेटी अशा ॲम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टोकाला जोडली, तर ८ ओहमला हजार वॅटहून अधिक शक्ती मागितली जाते.